युद्धपटांत न मोजलेला खुर्दा

मार्कंडेयकाठ

पानिपतच्या पराभवाची बातमी पुण्याकडे ज्या सांकेतिक ओळीतून गेली, ती ओळ आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, असे आमचे गुरुजी फळ्यावर लिहून समजावत असत. खुर्दा म्हणजे कोण, हे मात्र त्यांना समजावून सांगावे लागत नसे, कारण बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला टेकलेल्या आमच्या गावात वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, काका किंवा आजोबा पलटणीत होते, आणि त्यांच्यातला एकही मोती किंवा मोहरा नव्हता.

हा धागा काढण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत युद्धावरचे चित्रपट आणि मालिका आपल्याकडे फार वाढल्या आहेत, आणि त्या पाहताना मला दर वेळी माझ्या वडिलांची आठवण येते. वडील जंगी पलटणीत, म्हणजे १७६८ साली उभारलेल्या पहिल्या मराठा पलटणीत शिपाई होते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत होते. १९९७ साली त्याच युद्धातल्या, राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा 'बॉर्डर' बेळगावात लागला, तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांना हट्टाने चित्रपटगृहात नेले. मध्यंतरात ते चहाही न घेता बसून राहिले आणि घरी परत येताना बसमध्ये एवढेच म्हणाले, "येवढं बोलत बसायला कुणाला वेळ असतंय? रात्री आवाज काढला तर शेजारचाच तोंडावर हात ठेवतंय."

पुढे हळूहळू त्यांच्या बोलण्यातून मला त्यांचा आक्षेप समजत गेला. शत्रू दुष्ट दाखवला किंवा नायक जास्त शूर दाखवला, याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांची तक्रार वेळेबद्दल होती. जमालपुरात शत्रूला शरण येण्यास सांगणारे पत्र आपल्या ब्रिगेडियरने पाठवले आणि तिकडून उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची एक गोळी आली, हा प्रसंग लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत आहे आणि कुणी चित्रपट काढला तर त्याचे मध्यंतर नक्कीच तिथे होईल. वडिलांना मात्र ते पत्र नंतर कुणाकडून तरी ऐकून कळले. त्यांना आठवत होती ती १० डिसेंबरची रात्र, कापलेल्या भाताच्या शेतात खणलेला मोर्चा, धुके, ओले बूट, आणि शहरातून फुटून बाहेर पडू पाहणारी बलुच पलटण आपल्याच रस्त्याने येणार हे माहीत असूनही काहीही न करता बसून राहण्याचे ते तास. प्रत्यक्ष गोळीबाराबद्दल ते दोन वाक्यांत बोलून मोकळे होत. बसून राहण्याबद्दल बोलताना मात्र ते थांबत थांबत, पुन्हा मागे जाऊन बोलत.

लोंगेवालाबद्दल पुढे मी जे वाचले, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला अधिक पटले. प्रत्यक्षात त्या ठाण्यावर पंजाब पलटणीची सुमारे १२० जणांची एक कंपनी रात्रभर रणगाड्यांसमोर टिकून राहिली, उजाडल्यावर जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमाने आली आणि त्यांनी रणगाडे टिपले, आणि या संपूर्ण लढाईत त्या कंपनीचे दोन जवान कामी आले. पडद्यावर मात्र एकेक ओळखीचा जवान धारातीर्थी पडत जातो. ज्या नायक भैरोंसिंह राठोड यांना चित्रपटाने वीरमरण दिले, ते सीमा सुरक्षा दलाचे जवान सेना पदक मिळवून निवृत्त झाले आणि १९ डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. जिवंत माणसाला पंचवीस वर्षे पडद्यावर मेलेला पाहावे लागले, या गोष्टीने मी फार अस्वस्थ झाले. १२० जणांनी असा सामना केला आणि त्यांतले ११८ जण सकाळी उठून उभे राहिले, ही खरी गोष्ट किती मोठी आहे! पण मेल्याशिवाय शिपायाची गोष्ट पूर्ण होत नाही, असे आपण धरून चाललो आहोत.

तुमच्या घरातल्या माणसांनी युद्धाबद्दल काय सांगितले आणि पडद्यावर त्यातले काय आले, काय आले नाही, ते येथे लिहावे अशी विनंती आहे.

निवृत्त हवालदार, खानापूर

ताई, आपल्या वडिलांना माझा जयहिंद सांगितला असता, पण आपल्या लिहिण्यावरून ते आता नसावेत असे वाटते. मी त्यांच्या नंतरच्या पिढीतला आहे. काश्मीर आणि सियाचीन दोन्हीकडे होतो.

आपले म्हणणे मान्य करूनही चित्रपटांच्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटतात. माझी आई कधी बेळगावच्या पुढे गेलेली नव्हती. मी कुठे राहतो, काय करतो, हे तिला सांगण्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हते. एका सुट्टीत मी तिला दूरदर्शनवर परमवीरचक्र विजेत्यांवरच्या मालिकेचा एक भाग दाखवला, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारले की तिथे झोपताना अंगाखाली काय घालता. ती मालिका पाहिली नसती तर हा प्रश्न तिला कधी सुचला नसता. त्यामुळे चुकीचा का होईना, पण चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले की घरचे माणूस विचारायला लागते, हा माझा अनुभव आहे.

बेळगावकरांनी नाना पाटेकर यांनी १९९१ साली दिग्दर्शित केलेला 'प्रहार' विसरू नये. त्यात कमांडो प्रशिक्षण ज्या कष्टाने आणि ज्या गतीने दाखवले आहे, ते पाहताना आमच्यासारख्यांना आपल्याच मैदानाचा वास येतो. पाय सोलवटणे, दोरावर हात भाजणे, उस्तादाची नजर, हे सगळे त्यात आहे. पाटेकर यांनी स्वतः मराठा पलटणीसोबत प्रशिक्षण घेतले होते, आणि त्याचा फरक त्यांच्या चालण्यात दिसतो. चालणे हीच पहिली परीक्षा असते. पाठीवर भरलेला पिट्ठू घेऊन वीस किलोमीटर चाललेला माणूस कसा चालतो, हे ज्याला माहीत नाही तो नट पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

चित्रपटांत न दिसणारी गोष्ट म्हणाल तर ती डोंगराची उंची आहे. कारगिलमध्ये १९९९ साली आपल्या पलटणींनी पंधरा-सोळा हजार फुटांवर चढाया केल्या. त्या उंचीवर माणूस दहा पावले चढतो आणि थांबतो. तिथे धावत जाऊन घोषणा देणे शरीराला जमत नाही, घोषणा शेवटच्या काही फुटांत होते. चढाया बहुतेक रात्री झाल्या, कारण दिवसा वर बसलेल्याला खालचा प्रत्येक दगड दिसतो. पण कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि प्रेक्षकाला नटाचे तोंड दिसावे लागते, म्हणून पडद्यावरचे कारगिल भर उन्हात जिंकले जाते. शिवाय तिथे तोफखान्याने काय केले ते कुणी नीट दाखवत नाही. बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफा रात्रंदिवस शिखरांवर मारा करत होत्या, म्हणूनच पायदळाला वर पोहोचता आले. तोफेवर काम करणारा जवान शत्रूला कधी डोळ्यांनी पाहत नाही, त्यामुळे त्याची गोष्ट पडद्यावर बसत नसावी.

ध्वनिकार, निपाणी

मी मूळचा निपाणीचा, सध्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे या विषयावर आतली बाजू लिहितो.

पडद्यावर दूरच्या टेकडीवर स्फोट झाला की आम्ही त्याच क्षणी आवाज देतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरचा स्फोट आधी दिसतो आणि जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू येतो. ते तीन सेकंद तसेच ठेवले तर निर्माता म्हणतो की आवाज चुकला आहे. बंदुकीच्या गोळीचे याहून वेगळे आहे. गोळी आवाजापेक्षा वेगाने येते, त्यामुळे ज्याच्यावर गोळी झाडली आहे त्या माणसाला आधी डोक्यावरून गेलेल्या गोळीचा तडकल्यासारखा आवाज येतो आणि नंतर दूर कुठेतरी बंदुकीचा ठोका ऐकू येतो. या दोन आवाजांमधल्या अंतरावरून जवान शत्रू किती लांब आहे याचा अंदाज करतात. आम्ही चित्रपटात या दोन्हींचे मिळून एकच 'ढाँय' करतो. हातबॉम्बचेही तसेच आहे. खरा हातबॉम्ब फुटला की करडी धूळ उडते आणि लोखंडाचे तुकडे जातात. पडद्यावर दिसणारा केशरी आगीचा लोळ पेट्रोलचा असतो.

हे सगळे तंत्रज्ञांचे दोष म्हणून मी सांगत नाही. मला वाटते, खरा आवाज ऐकवला तर प्रेक्षकाला युद्ध गोंधळाचे वाटेल, कोण कुठून मारतो आहे हे कळणार नाही, आणि भीती वाटेल. आम्ही आवाज नीटनेटका करतो, आणि त्यामुळे युद्धही नीटनेटके होते. १९८५ सालच्या 'कम अँड सी' या सोव्हिएत चित्रपटात बॉम्ब पडल्यावर मुख्य मुलाच्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू होतो आणि बराच वेळ आपल्यालाही इतर काही नीट ऐकू येत नाही. पुढे १९९८ सालच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' मध्ये ओमाहा किनाऱ्यावरच्या दृश्यात आवाज असाच मधेच विझतो. ध्वनीच्या माणसाला युद्धाबद्दल जे खरे सांगता येते ते मला या दोन ठिकाणी ऐकू आले.

मार्कंडेयकाठ

'ध्वनिकार' यांचे मनापासून आभार. वडिलांचा उजवा कान शेवटपर्यंत कमी ऐकत होता आणि शिट्टीसारखा आवाज येतो असे ते म्हणत. आम्ही तो वयाचा परिणाम समजत राहिलो. आज पहिल्यांदा मी त्याचा संबंध तिकडे जोडते आहे.

वीरगळ अभ्यासक, चिकोडी

खुर्द्याच्या मुद्द्यावर माझे थोडे वेगळे मत आहे, आणि ते आपल्याच मातीतल्या दगडांवरून मांडतो. आपल्या भागात गावोगावी देवळाबाहेर, तळ्याच्या काठावर, शेताच्या बांधावर वीरगळ उभे आहेत, ज्यांना शेजारचे कन्नड बांधव वीरगल्लू म्हणतात. लढाईत पडलेल्या माणसाची गोष्ट दगडावर कप्प्याकप्प्यांनी सांगायची, ही रीत चित्रपटाच्या फार जवळची आहे. सर्वांत खालच्या कप्प्यात लढाई असते, तीत कधी घोडे असतात आणि बरेचदा गुरे असतात. मधल्या कप्प्यात अप्सरा वीराला हाताला धरून स्वर्गात नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो त्याची कीर्ती राहो.

आता खालच्या कप्प्यातली गुरे पाहा. ती तिथे असतात कारण पळवून नेली जाणारी गावची गुरे सोडवताना तो माणूस मेला. तो राजा नव्हता, सरदारही नव्हता. अनेक दगडांवर त्याचे नावसुद्धा नाही. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाने खुर्द्याची गणती ठेवली होती, दगड घडवण्याचा खर्च करून ठेवली होती. आजचा युद्धपट मात्र अधिकाऱ्याला, त्यातही बहुधा तरुण आणि देखण्या अधिकाऱ्याला नायक करतो आणि शिपायांना प्रांतवार वाटून टाकतो. एक विनोदी, एक पंजाबी, एक दक्षिणेकडचा, एक नुकते लग्न झालेला. मराठा जवान असलाच तर त्याच्या तोंडी एक घोषणा आणि एक चुकीचे मराठी वाक्य असते.

त्याच वेळी हेही कबूल करायला हवे की वीरगळाशेजारी जी सतीशिळा असते, तिच्यावर बांगड्या भरलेला एक हात तेवढा कोरलेला असतो. पुरुषाला तीन कप्पे, आणि बाईचा केवळ कोपरापासून वाकलेला हात. घरी राहिलेल्या माणसांना दाखवण्याच्या बाबतीत दगड आणि पडदा सारखेच कंजूष निघाले.

वाट पाहणारी

वरच्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसले. माझे यजमान सध्या सेवेत आहेत. कुठे आहेत ते लिहीत नाही.

मी चित्रपटाबद्दल लिहिणार नाही, कारण माझ्या घरात युद्ध टीव्हीवरच्या बातम्यांतून आले. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झाले तेव्हा यजमानांचा फोन बंद होता, आणि तो बंद असणार हे मला माहीत होते. मला माहीत नव्हते ते हे, की बातम्यांच्या वाहिन्या हवाई हल्ल्याचा भोंगा पार्श्वसंगीतासारखा वाजवतील. माझा सहा वर्षांचा मुलगा तो भोंगा ऐकला की पलंगाखाली जाऊन बसत असे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावावर कोण कशाला विमान आणणार, हे त्याला समजावणे शक्य नव्हते. शेवटी १० मे रोजी केंद्र सरकारला वाहिन्यांना सांगावे लागले की नागरी संरक्षणाचा भोंगा कार्यक्रमांत वापरू नका. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या मी त्याच दिवसांत रात्री दोन वाजता पाहिल्या, आणि त्या खऱ्या नव्हत्या. ज्यांच्या घरचे कुणी तिकडे नव्हते, त्यांनी सकाळी ती बातमी विसरून चहा घेतला असेल. मी मात्र ती खरी मानून रात्रभर हिशेब करत होते की आता तिकडून उलट काय येईल आणि ते कुठे पडेल.

मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात थेट प्रक्षेपणाचा फायदा हल्लेखोरांच्या सूत्रधारांना झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल खडे बोल सुनावले. २०१५ साली नियमात दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट चित्रण दाखवायला मनाई झाली. नियम आहेत, म्हणून मी नियम मागत नाही. मला एवढेच वाटते की बातमी सांगणाऱ्याने एकदा डोळ्यांसमोर आणावे की ही बातमी कुठल्या स्वयंपाकघरात ऐकली जाते आहे.

त्या दिवसांत रोज पत्रकार परिषदेत शांतपणे माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी या आपल्याच जिल्ह्याच्या, गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरच्या सून आहेत. त्या बोलत तेवढ्या वेळात मी जेवण करून घेत असे, कारण त्यांच्या आवाजात घाई नव्हती. त्यांच्याही सासरच्या घरावर हल्ला झाल्याची अफवा समाजमाध्यमावर फिरली आणि ती खोटी असल्याचे आपल्या जिल्हा पोलिसांना जाहीर करावे लागले.

निवृत्त हवालदार, खानापूर

वहिनी, आपण आमच्याच तालुक्यातल्या आहात. काही लागले तर येथे निरोप ठेवा. माजी सैनिकांच्या घरी कुणाला संकोच वाटायचे कारण नाही.

पहाटेचा धावपटू

मी एकोणीस वर्षांचा आहे आणि भरतीची तयारी करतो आहे. आम्ही आठ-दहा मुले रोज पहाटे उचगाव रस्त्याला सोळाशे मीटरचा सराव करतो. मला खरे सांगायचे आहे की मी २०१९ सालचा 'उरी' पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पळायला सुरुवात केली. तेव्हा मी शाळेत होतो. वरच्या सगळ्या प्रतिसादांतून असे वाटते की चित्रपटाने मला फसवले आहे. तसे असेल तर मी काय करावे? माझा निश्चय चुकीच्या गोष्टीवर उभा आहे का?

निवृत्त हवालदार, खानापूर

बाळा, निश्चय कशाने सुरू झाला याला फार महत्त्व देऊ नकोस. मी एका मामाच्या चकचकीत बुटांकडे पाहून भरती झालो होतो. तू पळायला लागलास ते चांगलेच झाले. एवढेच लक्षात ठेव की चित्रपटातला जवान तीन तासांत घरी येतो किंवा येत नाही. खऱ्या नोकरीत पहारा असतो, लंगरची पाळी असते, दुरुस्तीला आलेला रस्ता असतो, आणि यात वर्षामागून वर्षे जातात. हे तुला आवडणार असेल तर अवश्य ये. रविवारी मला भेट, छाती फुगवून धावण्याची तुझी सवय असेल तर ती आधी मोडू.

महायुद्ध वाचक, बेळगाव कॅम्प

चर्चा कारगिल आणि १९७१ पुरती राहिली आहे, म्हणून थोडे मागे जातो.

युद्धाचे चित्रण पहिल्यापासूनच खरे आणि बनवलेले यांचे मिश्रण आहे. १९१६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचा माहितीपट प्रदर्शित झाला आणि पहिल्या दीड महिन्यात सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला असे सांगितले जाते. त्यातले जखमी, कैदी, तोफा खऱ्या होत्या. मात्र खंदकातून वर चढताना एक शिपाई मागे घसरून पडतो आणि तसाच राहतो, हे ज्या दृश्यामुळे प्रेक्षक हळहळले, ते आघाडीच्या मागे मुद्दाम चित्रित केलेले होते. शंभर वर्षांनी, २०१८ साली, पीटर जॅक्सन यांनी त्या काळच्या मूक चित्रफितींना रंग दिले आणि ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून शिपाई काय बोलत होते ते शोधून त्यांना आवाजही दिला. ते पाहताना माझ्या मनात एकच विचार आला, की आमच्या मराठा शिपायांचे ओठ वाचायला कोण बसेल, आणि त्यांच्या चित्रफिती तरी कुठे आहेत?

आपल्या पलटणींचे पहिले महायुद्ध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. पुणे डिव्हिजनबरोबर कुट-अल-अमाराला १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकल्या होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्माच्या बंधनामुळे ते मांस बरेच दिवस नाकारले. शेवटी सैन्य शरण गेले आणि पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत हजारो माणसे मेली. यात चढाई नाही, झेंडा रोवणे नाही, विजय तर नाहीच. यात केवळ भूक आहे आणि ती पाच महिने चालते. अशी गोष्ट पडद्यावर आणण्यासाठी जे धैर्य लागते, ते मला आपल्या युद्धपटांत अजून दिसलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धाचीही तीच कथा आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून झालेल्या माघारीवरच्या २०१७ सालच्या 'डंकर्क' चित्रपटात हिंदी खेचर-तुकड्या कुठेही नाहीत, आणि त्यावर बरीच टीका झाली, कारण त्या किनाऱ्यावर त्या प्रत्यक्ष होत्या. खेचरांबरोबर चालणारा माणूस हा तर खुर्द्यातला खुर्दा! इटलीतल्या मोहिमेवर पाश्चात्त्यांनी इतके चित्रपट काढले, पण १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात आपली संपूर्ण तुकडी पडल्यावर एकट्याने मशीनगनवर चालून गेलेला नाईक यशवंत घाडगे त्यात नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणणारा, आणि त्यानंतर परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडणारा शिपाई नामदेव जाधवही नाही. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचे स्मारक मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली उभारले, आणि ते एक सूर्यघड्याळ आहे.

चित्रपट न निघण्यामागे पैसा आणि बाजार ही कारणे आहेतच. आपल्याकडे आणखी एक कारण मला दिसते. सैन्याची मदत हवी असेल तर पटकथा संरक्षण खात्याला दाखवून ना-हरकत घ्यावी लागते, आणि २०२० साली खात्याने सैन्यावरच्या सर्वच चित्रपट-मालिकांनी प्रदर्शनापूर्वी असे पत्र घ्यावे अशी अपेक्षा व्यक्त केली. गणवेशाची चेष्टा होऊ नये ही भूमिका मला मान्य आहे, पण परवानगीच्या वाटेने जाणारी गोष्ट आपोआप विजयाची होते. शरण गेलेल्या पलटणीची, चुकलेल्या हुकुमाची गोष्ट त्या वाटेने चालत येत नाही.

ध्वनिकार, निपाणी

कुटच्या वेढ्याचा आवाज कसा करावा याचा मी कालपासून विचार करतो आहे. भुकेच्या सैन्यात माणसे बोलणे कमी करतात, त्यामुळे दुसऱ्या महिन्यानंतर त्या चित्रपटात संवाद जवळपास नसतील.

वाट पाहणारी

मार्कंडेयकाठ ताई, तुमच्या वडिलांना त्या चित्रपटातले काहीच आवडले नव्हते का?

मार्कंडेयकाठ

आवडले होते. जवानांना घरची पत्रे येतात त्या गाण्याच्या वेळी त्यांनी चष्मा काढून पुसला होता. मी तेव्हा त्याचा अर्थ वेगळा लावला.

वडील २०१४ साली गेले. तुमचा प्रश्न वाचून आज दुपारी मी माळ्यावरची आईची पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यात १९७० ते १९७४ ची पत्रे आहेत, सगळ्यांवर परतीचा पत्ता 'ए.पी.ओ.', म्हणजे लष्करी टपाल कार्यालय, आणि त्याचा आकडा एवढाच. या पत्त्यात ठिकाणाचे नाव नसे, त्यामुळे माणूस नेमका कुठे आहे, हे गावाला कधी कळत नसे. आईला वाचता येत नव्हते. पत्र आले की आमच्या शाळेतले गुरुजी ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवत आणि ऐकायला आजी, चुलते, शेजारी असे सगळे जमत. जवानाला पत्र मिळते ते पडद्यावर अनेकदा दाखवले आहे. तेच पत्र घरी पोहोचते तेव्हा ते दुसऱ्याच्या तोंडून, चार माणसांत ऐकावे लागते आणि ज्या बाईसाठी ते लिहिलेले असते ती दाराआड उभी असते, हे मी कुठल्याही चित्रपटात पाहिलेले नाही. वडिलांना हे माहीत होते. म्हणून त्यांनी पाच वर्षांत आईला उद्देशून एकही वाक्य लिहिले नाही. सगळी पत्रे आजोबांच्या नावाने आहेत.

१९७१ च्या नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे सात आठवडे एकही पत्र नाही. आई सांगत असे की त्या दिवसांत ती पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की परसात निघून जात असे. मग ३ जानेवारी १९७२ चे पत्र आहे. ते नऊ ओळींचे आहे. त्यात जमालपूर नाही, पत्रातून आलेली गोळी नाही, ती रात्रही नाही. मी खुशाल आहे, इकडे थंडी होती, असे लिहून पुढे त्यांनी विचारले आहे की भाताची मळणी झाली का, तांबडी म्हैस व्याली का, आणि या वर्षी गवताची गंजी कुणी रचली, कारण आजोबांनी शिडीवर चढू नये.

शेवटच्या ओळीत गुरुजींना नमस्कार आहे, आणि पत्र सावकाश वाचावे अशी विनंती आहे.